घरच्यांनी काळजी करू नये

मी उत्तराबाईंचा रेडिओ बोलतोय. 'बोलतोय' म्हणताना माझं मलाच चोरट्यासारखं होतं, कारण गेली कितीतरी वर्षं माझ्यातून साधी खरखरसुद्धा आलेली नाही. आणि येत होती तेव्हाही जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्या दुसऱ्यांच्या, गाणी दुसऱ्यांची. स्वतःचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच जुळवतोय. मध्येच अडखळलो तर माझे व्हॉल्व तापतायत असं समजा आणि जरा थांबा. पूर्वी लोक थांबायचे.

मुलुंडला एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, मी खिडकीखाली स्टुलावर असतो. लाकडी पेटी, पुढे पिवळी पडलेली कापडी जाळी, काचेच्या पट्टीवर दूरदूरच्या शहरांची नावं आणि एक हिरवा डोळा. तो कधीच मिटला. माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल आहे, रुमालावर गणपती आणि गणपतीशेजारी उत्तराबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. म्हणजे हल्ली माझा हुद्दा टेबलाचा. तक्रार नाही. पण टेबल म्हणून तरी मी बरा आहे का, हे विचारायची हिंमत होत नाही. मी जरा उतरता आहे, गोळ्या घरंगळतात.

मला गिरगावात आणलं ते उत्तराबाईंच्या वडिलांनी. दुसरी मोठी लढाई नुकतीच सुरू झाली होती. संध्याकाळी शेजारपाजारचे लोक सतरंजीवर येऊन बसायचे आणि माझ्या डोळ्याकडे बघत राहायचे. डोळा नीट हिरवा झाला, की कुणीतरी म्हणायचं, "आलं, आलं." मला वाटायचं, माझंच कौतुक चाललंय. तरुणपणी असा गैरसमज होतो.

उत्तराबाई तेव्हा विशीतल्या. आवाज असा, की जिन्यात कुणाला हाक मारली तर खालचा वाणीसुद्धा वर बघायचा. त्या रेडिओच्या केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमात गोष्टी वाचायला जायच्या. पुढे लढाई वाढली, सरकारने प्रचाराचं नवं खातं काढलं आणि तिथल्या साहेबांनी उत्तराबाईंचा आवाज उचलला. काम असं, की इटलीत, आफ्रिकेत, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढणाऱ्या मराठी शिपायांचे निरोप त्यांच्या घरच्यांना वाचून दाखवायचे. मध्ये मध्ये पेरायचं, की आपली फौज पुढे चालली आहे, शत्रू मागे हटतो आहे, गावोगावच्या तरुणांनी भरती व्हावं.

दिवेलागणीला त्यांचा आवाज माझ्यातून यायचा. "ऐका, ऐका. दूरदेशी असलेल्या आपल्या माणसांचे निरोप ऐका." मग शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. नाव दोनदा. मग निरोप. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच वाक्य, "मी खुशाल आहे. घरच्यांनी काळजी करू नये."

हे वाक्य शिपायांनी लिहिलेलं असो वा नसो, वाचायचंच असा साहेबांचा नियम होता. उत्तराबाई घरी येऊन वडिलांना सांगायच्या, "एकाने नुसतं लिहिलं होतं, बैल विकू नका. मी पुढे जोडलं, मी खुशाल आहे."

"असेलच ना खुशाल," वडील म्हणायचे. "बैलाची चौकशी करतोय म्हणजे."

निरोप बोटीने यायचे, तपासले जायचे, गठ्ठ्यात पडून राहायचे. हातात पडेपर्यंत आठवडेच्या आठवडे गेलेले असायचे. ते मात्र कुणी सांगायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, मुलगा आत्ता, या क्षणी बोलतोय. मलाही तसंच वाटायचं. मी तर मधला माणूस. मला जेवढं येतं तेवढंच मी पुढे देतो.

उत्तराबाईंचे भाऊ शरच्चंद्र बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. सुटून आले त्या संध्याकाळी मी बोलत होतो, म्हणजे त्यांची बहीण बोलत होती. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. सरळ माझ्यापाशी आले आणि कान पिळावा तसं बटण पिळलं.

"या घरात सरकारचा आवाज नको."

"दादा, ते निरोप आहेत रे," घरी आल्यावर उत्तराबाई म्हणाल्या. "आयांना तेवढाच धीर."

"धीर? तू सरकारला शिपाई गोळा करून देतेस. धीर देते म्हणे!"

शरच्चंद्रांनी घर सोडलं आणि पुन्हा कधी बहिणीशी बोलले नाहीत. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं. उत्तराबाई पुन्हा गोष्टी वाचायला मिळतील का, हे विचारायला केंद्रावर गेल्या. तिथे नवे साहेब होते. ते नम्रपणे म्हणाले, "तुमचा आवाज लोक फार ओळखतात हो." माझ्या माहितीत आवाज फार ओळखीचा म्हणून परत पाठवलेल्या त्या एकट्याच.

पुढे त्या एका खाजगी कंपनीत टेलिफोनवर लागल्या. लग्न झालं नाही, म्हणजे कुणी विचारलं नाही की त्यांनीच नको म्हटलं, ते मला कळलं नाही. अशा गोष्टी त्या दुसऱ्या खोलीत बोलायच्या. वडील गेले, गिरगावची जागा गेली, त्या मला घेऊन मुलुंडला आल्या. तेव्हा इथे मोकळी मैदानं होती आणि मी बोलत होतो. आता दोन्ही नाही. माझे व्हॉल्व गेले तेव्हा त्यांनी मला रिक्षात मांडीवर घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात नेलं होतं. दुकानदार म्हणाला, "याचे पार्ट कुठे मिळतात आता, आजी? टीव्ही घ्या, झकास." त्यांनी मला परत घरी आणलं आणि वर रुमाल घातला.

घरात त्या फारशा बोलत नसत. बोलायचं कुणाशी? दूधवाल्याशी जेवढं लागतं तेवढं. तो आवाजही वेगळा, जरा बसका, थकलेला. माइकचा आवाज त्यांनी घडी घालून कुठे ठेवला होता, कोण जाणे.

तो मला परत ऐकू आला बबडीमुळे.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत शेजारच्या बिऱ्हाडात लालबागहून नवं कुटुंब राहायला आलं. नंदकिशोर कारखान्यात पाळीवर जाणारा, त्याची बायको अनुपमा, आई सोनूबाई आणि पुढे उन्हाळ्यात झालेली बबडी. अनुपमा शिकलेली, बी.ए. झालेली, आणि त्यामुळेच की काय, सतत घाबरलेली. बाळ रडलं तरी घाबरायची आणि झोपलं तर जास्तच. नाकापाशी बोट धरून बघायची. एका संध्याकाळी ती बबडीला घेऊन दारात उभी राहिली.

"मावशी, ही केव्हाची रडतेय हो! ओव्याने शेकलं, दृष्ट काढली, सगळं केलं. बघा ना, निळी पडल्यासारखी वाटतेय."

"निळी नाही गं, गॅलरीतला दिवाच तसा आहे. तूही निळीच दिसतेस."

"पुस्तकात लिहिलंय, आई शांत असली की मूल शांत राहतं. म्हणजे ही माझ्यामुळेच रडतेय."

"पुस्तक लिहिणाऱ्याचं मूल कोण सांभाळत होतं, ते लिहिलंय का त्यात? आण इकडे."

त्यांनी बबडीला खांद्यावर घेतलं. थोपटलं, हलवलं, काही उपयोग होईना. लहान मुलांशी बोलायची त्यांना सवय नव्हती. मग, काय सुचलं त्यांना, त्या ताठ उभ्या राहिल्या, घसा साफ केला, आणि ...

"ऐका, ऐका. दूरदेशी असलेल्या आपल्या माणसांचे निरोप ऐका. पहिला निरोप मुलुंडच्या दूधवाल्याचा. दूध पातळ आहे, पण मी खुशाल आहे. घरच्यांनी काळजी करू नये. दुसरा निरोप, बबडीच्या बाबांचा. सेकंड शिफ्ट आहे, डबा घरी विसरलो आहे, पण मी खुशाल आहे. घरच्यांनी काळजी करू नये."

बबडी गप्प. डोळे विस्फारून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. अनुपमा खाली बसून हसायला लागली आणि हसता हसता रडली.

माझ्या वायरींमध्ये काहीतरी हललं. झुरळही असेल. पण तो आवाज मी इतकी वर्षं आतून ओळखत होतो. बाहेरून पहिल्यांदाच ऐकला.

मग रोज दिवेलागणीला बबडी यायची. उत्तराबाई दुपारपासून निरोप जुळवत बसायच्या. भेंड्यांचा निरोप, तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याचा निरोप. माझ्यावरची धूळही रोज पुसली जाऊ लागली. मी टेबल आहे हे मी जवळजवळ विसरलो.

श्रावण संपत आला होता. सोनूबाई कित्येक दिवस भांडुपला धाकट्या भावाकडे होत्या; एका संध्याकाळी त्या ठरल्यापेक्षा लवकर परतल्या आणि बबडीला न्यायला दारात आल्या. एक चप्पल काढली, दुसरी तशीच पायात राहिली.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आता म्हटलात ता. शेवटचा."

उत्तराबाई हसत होत्या. "मी खुशाल आहे. घरच्यांनी काळजी करू नये. हेच ना?"

सोनूबाईंनी बबडीला त्यांच्या खांद्यावरून काढून घेतलं. "अनुपमा, चल घरी."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडून बबडीचं रडणं यायचं. उत्तराबाई भिंतीपाशी उभ्या राहायच्या, तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. मला वाटलं, चूक आपलीच. असं मला नेहमीच वाटतं.

गौरी-गणपती होऊन गेले. एका दुपारी अनुपमा दार लोटून आत आली. सासूबाई झोपल्या होत्या, म्हणून ती हळू आवाजात भराभरा बोलली.

"मावशी, रागावू नका हां. मला परवा कळलं. सासूबाईंचा मोठा भाऊ होता, सीताराम. फौजेत. इटलीत गेला. त्या सात-आठ वर्षांच्या असतील. घरी तार आली, की तो लढाईत पडला. आईने ऊर बडवून घेतला. आणि मग, तार आल्यानंतर बरं का, गावच्या दुकानातल्या रेडिओवर त्याचा निरोप लागला. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर. मी खुशाल आहे म्हणून."

उत्तराबाई स्टुलाला धरून खाली बसल्या. माझ्यावरच्या गोळ्या घरंगळल्या.

"आईचं म्हणणं, तार आधीची, रेडिओवरची बाई नंतरची. मग खरी कोण? बाई. पितरांच्या म्हाळाला सगळ्यांची पानं वाढायच्या, पण सीतारामाचं कधी वाढू दिलं नाही. जित्या माणसाचं पान कावळ्याला ठेवतात का, म्हणायच्या. त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. ती मुलगी आजी झाली, तरी यांचं चालूच, सीताराम येईल. गेल्या वर्षी वारल्या. जाताना बाळामामांना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाला, बजावलं, रेडिओवरची बाई सांगेल तो गेला म्हणून, तेव्हाच पान वाढायचं. तोवर नाही."

"निरोप त्याने आधी लिहिला असणार," उत्तराबाई म्हणाल्या. "आमच्याकडे उशिरा यायचे गं सगळे."

"ते मला कळतं, मावशी. त्यांना कोण सांगणार?"

"मला तो आठवत नाही, अनुपमा. किती नावं वाचली. मला एकसुद्धा धड आठवत नाही."

मलाही आठवत नाही. आठवतंय असं सांगितलं असतं तर ही गोष्ट जास्त चांगली झाली असती. पण नाही आठवत.

पितृपंधरवडा लागला. सोनूबाईंच्या आईचं यंदा पहिलाच म्हाळ, भांडुपला बाळाच्या घरी. त्याच्या आधीच्या रविवारी, दिवेलागणीला, दार वाजलं. सोनूबाई होत्या. बरोबर बाळा, चाळिशीचा, शर्टाची बटणं उघडी, कपाळाला आठ्या. मागे बबडीला घेतलेली अनुपमा.

"ताय, काय नाटक आहे हे, यार," बाळा म्हणाला. "आईने सांगितलंय नाही म्हणजे नाही. मी त्याला बघितलंसुद्धा नाही गो. पाळण्यात होतो मी."

"तू गप रव." सोनूबाई उत्तराबाईंसमोर उभ्या राहिल्या. "तुमी होतात ना ती?"

"हो. मीच."

"माझी आवस मरेस्तोवर वाट बघीत रवली. कोणाचा ऐकल्यान नाय. भटजीचा नाय, माझा नाय. एका तुमचा ऐकल्यान."

"सोनूबाई, मी काय बोलू..."

"माफी नको माका. माफी घेऊन काय करू मी? तुमी सांगितलंत तो खुशाल आसा. आता तुमीच सांगा, तो नाय म्हणून. ह्याच्या कानावर पडूदे, म्हणजे हा पान वाढील. यंदा आवशीचं पान वाढणार, तिच्या बाजूक माझ्या दादाची जागा रिकामी. चाळीस वर्षं भुको आसा तो."

बाळा खाली बघायला लागला.  उत्तराबाईंनी सोनूबाईंकडे बघितलं, मान वळवली, पुन्हा बघितलं.

"तोंडासमोर नाही जमणार मला," त्या म्हणाल्या. "मी कधी कुणाकडे बघून वाचलेलंच नाही."

त्यांनी सीतारामचं पूर्ण नाव, गाव विचारून घेतलं, तालुका विचारला, आणि स्वयंपाकघरात गेल्या. मधला पडदा ओढून घेतला.

खोलीत बघायला दुसरं काहीच नव्हतं. सोनूबाई जमिनीवर बसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडे बघायला लागल्या. त्या बसल्या म्हणून बाळाही बसला. अनुपमाने माझ्यावरचा गणपती आणि गोळ्या उचलून खिडकीत ठेवल्या, रुमाल काढला. कित्येक वर्षांनी लोक माझ्यासमोर तसे बसले होते. माझा डोळा मिटलेला होता. मी मनात म्हटलं, निदान खरखर तरी कर रे.

पडद्यामागून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"ऐका, ऐका. दूरदेशी असलेल्या आपल्या माणसांचे निरोप ऐका."

बबडी खुदकन हसली. तिला वाटलं, तिच्यासाठीच चाललंय. अनुपमाने तिला छातीशी धरलं, तरी ती पडद्याकडे हात करत राहिली.

"सीताराम धोंडिराम घाडी. गाव आंबेखोल, तालुका देवगड. सीताराम धोंडिराम घाडी. यांचा निरोप आम्ही आपल्याला उशिरा वाचून दाखवला होता. त्या वेळी ते हयात नव्हते. ते इटलीत लढाईत मरण पावले. त्यांच्या आईला आलेली तार खरी होती. मी..."

आवाज थांबला. मला माहीत होतं का थांबला. त्या जिभेला पुढचं एकच वाक्य येत होतं. सोनूबाईंची नजर माझ्या जाळीवर अशी खिळली होती, की मला वाटलं, आता आपण फाटणार.

मग उत्तराबाई सावकाश म्हणाल्या, एकेक शब्द वेगळा करून, "घरच्यांनी वाट पाहू नये."

सोनूबाईंनी मला हात जोडले. मला! मी कोण लागतो? मग पदर तोंडात धरून त्या अशा रडल्या, की भावाला न बघितलेला बाळा त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "वाढू गो, ताय. दादाचं पान वाढू. गप तू आता." निघताना सोनूबाई पडद्यापर्यंत गेल्या, थांबल्या आणि तशाच परत फिरल्या.

म्हाळाच्या दुसऱ्या दिवशी अनुपमा झाकलेलं ताट घेऊन आली. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबार, खीर, अळू.

"सासूबाईंनी दिलंय. मी काल रात्रीच आणणार होते, पण म्हणाल्या, नको, ताजे वडे करून दे."

"जेवला का तो?" उत्तराबाईंनी विचारलं.

"आजीच्या पानावर कावळे लगेच आले. सीतारामाच्या पानाकडे एक बघेना. मामा म्हणाले, मिलिटरीचा माणूस, ऑर्डर मिळाल्याशिवाय येणार नाही. मग सासूबाई पानापाशी गेल्या, वाकून हळूच म्हणाल्या, दादा, बायन सांगल्यान रे, ये आता."

"मग?"

"आला. मागाहून. एकटाच."

उत्तराबाईंनी ताट माझ्यासमोर ठेवलं. मग जेवल्या. खीर संपवली.

तुम्हाला वाटेल, आता सगळं पूर्वीसारखं झालं. मलाही वाटलं होतं. सोनूबाई जिन्यात भेटल्या तर बाजूला होतात, बोलत नाहीत. बबडीला त्याच आणून सोडतात, "रडली तर आणून द्या" एवढंच म्हणतात. पण उत्तराबाई आता तिला निरोप वाचत नाहीत. बसक्या आवाजात काहीतरी गुणगुणतात. ते बबडीला आवडत नाही. ती रांगत माझ्याकडे येते, बटण पिरगाळते, जाळीला कान लावते, आणि ओठ काढते. माझ्याकडे तिला द्यायला काही नाही.

बबडी घरी गेली, की उत्तराबाई माझ्यावरचा रुमाल काढून ठेवतात, पडद्यामागे जातात आणि नुसत्या उभ्या राहतात. एकदाच त्या तिथून म्हणाल्या, "नाव आठवलं असतं तर सांगितलं असतं रे." मला म्हणाल्या, की शरच्चंद्रांना, की त्या सगळ्या पोरांना, माहीत नाही. समोर खोलीत मी एकटाच होतो.

म्हणून हे सगळं बोललो. तुमच्याही घरात एखादं पान अजून वाढायचं राहिलं असेल. त्या काळी दिवेलागणीला एका बाईने तुमच्या आजीला, आत्याला सांगितलं असेल, की तो खुशाल आहे, आणि मग तो आलाच नसेल. तर मुलुंडला या. दुसरा मजला, दारात तुळस आहे. येताना त्याचं नाव आणा, बापाचं नाव, गाव, तालुका. बाकी काही नको. जमिनीवर बसा आणि माझ्याकडे बघा. मी बंद आहे, त्याचं मनावर घेऊ नका. थोडं थांबा. आवाज पडद्यामागून येईल.

फक्त लवकर या. त्या गोळ्या आता दोन वेळा घ्याव्या लागतात.